सगळे घटक जुने, मग पेटंट कशाचं?

काच, टाइल, स्टील, प्लास्टिक असे कडक पृष्ठभाग साफ करणाऱ्या द्रवात काय काय असतं, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला बाटली न उघडताही सांगता येईल. भरपूर पाणी, एक-दोन सर्फॅक्टंट (साबणासारखे मळ सोडवणारे पदार्थ), थोडं आम्ल किंवा अल्कली, कॅल्शियमला पकडून ठेवणारा एखादा पदार्थ, जमल्यास थोडा द्रावक, आणि वर रंग-सुगंध. यातलं बहुतेक सगळं कारखान्यांना कित्येक दशकांपासून पिंपांनी विकत मिळतं. तरीही अशा मिश्रणांसाठी पेटंटचे अर्ज येत राहतात, आणि कसून तपासणी होऊनही त्यातले काही मंजूर होतात.

‘साबणाच्या पाण्याचं कसलं आलंय पेटंट?’ हा प्रश्न भाबडा नाही. पेटंट कार्यालयातला परीक्षकही हाच प्रश्न विचारतो, फक्त कायद्याच्या भाषेत. याबाबत दोन उलट समजुती सारख्याच घट्ट रुजलेल्या दिसतात. जुन्या घटकांच्या मिश्रणाला पेटंट मिळूच शकत नाही, असं काहींना वाटतं. प्रमाण थोडं इकडचं तिकडे केलं की पेटंट झालंच, असं इतरांना वाटतं. दोन्ही खोटं आहे. ठराविक घटक ठराविक प्रमाणात एकत्र आल्यावर असं काही घडलं पाहिजे, जे घडेल हे त्या विषयातल्या जाणकाराला आधी सांगता आलं नसतं. आणि ते घडतं हे मोजून दाखवता आलं पाहिजे. स्वच्छता करणाऱ्या मिश्रणांचं पेटंट या दोन गोष्टींवर टिकतं किंवा पडतं.

या क्षेत्राचं आणि पेटंटचं नातं मात्र फार जुनं आहे. अमेरिकेतलं पहिलं पेटंट ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युअल हॉपकिन्स यांना मिळालं, ते पोटॅश बनवण्याच्या पद्धतीसाठी. पोटॅश म्हणजे त्या काळचा साबणाचा एक महत्त्वाचा कच्चा माल. त्याच्या पुढच्याच वर्षी, १७९१ मध्ये, फ्रान्समध्ये निकोला लब्लां यांना मिठापासून सोडा बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मिळालं. तो सोडाही साबण आणि काचेच्या कारखान्यांसाठीच हवा होता.

आधी थोडं रसायन

सर्फॅक्टंटचा रेणू दुहेरी स्वभावाचा असतो. त्याचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, तर लांब कार्बनी शेपटी पाण्यापासून दूर, तेलाकडे जायला बघते. पाण्यात टाकल्यावर हे रेणू आधी पृष्ठभागावर गोळा होतात आणि पृष्ठताण कमी करतात. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो. चांगला सर्फॅक्टंट तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणतो. त्यामुळे पाणी थेंबाथेंबात आकसून न बसता पसरतं आणि मळाच्या खाली शिरतं. सर्फॅक्टंटचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की उरलेले रेणू पाण्यातच एकत्र येऊन शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा गोळ्या बनवतात. त्यांना मायसेल म्हणतात. सोडियम लॉरिल सल्फेटसाठी ही मर्यादा सुमारे ८ मिलिमोल प्रतिलिटर आहे. तेलकट मळ या मायसेलच्या पोटात शिरून पाण्याबरोबर निघून जातो.

डोक्यावरच्या विद्युतभाराप्रमाणे सर्फॅक्टंटचे चार गट पडतात: ऋणभारित, धनभारित, भाररहित आणि दोन्ही भार बाळगणारे. ऋण आणि धन गट एकत्र केले तर बहुतेक वेळा ते एकमेकांना चिकटून द्रावण गढूळ होतं किंवा साका तळाशी बसतो. ही साधी माहिती पुढे पेटंटच्या वादात फार कामाला येते, म्हणून लक्षात असू द्यावी.

कडक पृष्ठभागाची अडचण कापडाहून वेगळी आहे. कापड भिजवून ठेवता येतं, गरम पाण्यात घुसळता येतं आणि भरपूर पाण्याने खळबळता येतं. टाइलवर फवारलेला द्रव काही मिनिटंच तिथे राहतो. भिंत उभी असली तर तोही ओघळून खाली येतो, आणि पुष्कळदा नुसता पुसून घेतला जातो. जे मागे उरतं ते वाळल्यावर डोळ्यांना दिसतं. म्हणून इथे प्रत्येक गुण दुसऱ्याच्या मुळावर उठतो. सर्फॅक्टंट वाढवला तर तेल चांगलं निघतं, पण काचेवर ओघळांचे पट्टे उमटतात. आम्ल वाढवलं तर क्षारांचा पांढरा थर विरघळतो, पण संगमरवरही त्याच कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असल्याने तोही खाल्ला जातो. द्रव घट्ट केला तर तो भिंतीला धरून राहतो, पण पुसताना चिकटपणा जाणवतो. न्हाणीघरातल्या टाइलवरचा चिवट थर तर मिश्र असतो: साबणातल्या मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार, त्यात शरीराचं तेल, वर पाण्यातले क्षार. एका रसायनाने तो सगळा निघत नाही.

या क्षेत्रातले बरेचसे खरे शोध अशा दोन परस्परविरोधी मागण्या एकाच वेळी पुऱ्या करण्यातून येतात. नुसतं ‘जास्त स्वच्छ’ म्हणणाऱ्या अर्जापेक्षा ‘तितकंच स्वच्छ, पण पट्टे न ठेवता’ म्हणणारा अर्ज मला नेहमीच जास्त सशक्त वाटतो, कारण त्यात सोडवलेला प्रश्न स्पष्ट दिसतो.

तीन कसोट्या, आणि एक काल्पनिक मिश्रण

जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार १९९५ पासून लागू आहे. त्याच्या २७व्या कलमानुसार शोध नवा हवा, त्यात शोधाची पायरी हवी म्हणजे तो जाणकाराला उघड वाटणारा नसावा, आणि तो उद्योगात वापरता यायला हवा. शेवटची कसोटी इथे कुणी अडवत नाही. साफ करणारा द्रव वापरता येतो हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. सगळी झुंज पहिल्या दोन कसोट्यांवर होते. त्यांच्या जोडीला आणखी एक अट असते: शोध इतका पुरेसा समजावून सांगा की दुसऱ्याला तो करून बघता येईल.

पेटंटमध्ये हक्काची हद्द आखणाऱ्या वाक्याला दावा म्हणतात. समजा, कुणीतरी असा दावा लिहिला: ‘१ ते १० टक्के ऋणभारित सर्फॅक्टंट, ०.२ ते ३ टक्के अमाइन ऑक्साइड आणि २ ते ८ टक्के लॅक्टिक आम्ल असलेलं जलीय मिश्रण, ज्यात पहिल्या दोघांचं वजनी गुणोत्तर ३:१ ते ५:१ आहे आणि ज्याचा पीएच २.५ ते ४ आहे.’ अमाइन ऑक्साइड हाही एक सर्फॅक्टंटच. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. या एका वाक्याला किती बाजूंनी धक्के बसतात ते आता बघू.

पहिला धक्का नवेपणाचा. नियम कडक असला तरी सरळ आहे: दाव्यातली प्रत्येक गोष्ट एकाच जुन्या स्रोतात एकत्र आलेली असेल तर नवेपणा संपला. दोन वेगवेगळ्या कागदांतले तुकडे जोडून नवेपणा पाडता येत नाही. ती जोडाजोड दुसऱ्या कसोटीची. मग जुन्या पेटंटमध्ये ऋणभारित सर्फॅक्टंटची तीस नावांची यादी आणि पुढच्या पानावर सहायक सर्फॅक्टंटची वीस नावांची यादी असेल तर? कागदावर सहाशे जोड्या आधीच सांगून झाल्या, असं म्हणायचं का? युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने १९८२ मध्ये टी १२/८१ या प्रकरणात दिशा दाखवली: बऱ्यापैकी लांबीच्या दोन याद्यांमधून एकेक निवडून बनलेली विशिष्ट जोडी त्या कागदाने उघड केली असं धरता येत नाही. ती निवड नवी ठरू शकते. हा न्याय मला पटतो. शक्यतांचा ढीग समोर टाकणं आणि त्यातली एक जोडी बोट ठेवून दाखवणं यात फार अंतर आहे.

आकड्यांच्या पट्ट्यांचं गणित मात्र निर्दय आहे. जुन्या कागदातलं एकच उदाहरण तुमच्या पट्ट्यात बसलं तरी तो अख्खा पट्टा नवा राहत नाही. अमेरिकेतलं १९८५ चं टायटॅनियम मेटल्स प्रकरण मिश्रधातूचं होतं, पण त्यातला धडा द्रवांनाही तसाच लागू पडतो. दाव्यात ०.२ ते ०.४ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.६ ते ०.९ टक्के निकेल होतं. एका रशियन शोधनिबंधातल्या आलेखावरचा एक बिंदू ०.२५ आणि ०.७५ टक्क्यांचा निघाला, आणि दावा पडला. त्या निबंधात गंजरोधकतेचा उल्लेखही नव्हता, तर अर्जदारांनी तोच गुण शोधला होता. तरी न्यायालयाने सांगितलं की जुन्या पदार्थाचा नवा गुण सापडला म्हणून तो पदार्थ नवा होत नाही. आपल्या काल्पनिक मिश्रणाच्या बाबतीत अर्थ सरळ आहे: कुठल्याशा विसरल्या गेलेल्या पेटंटातलं ‘उदाहरण ७’ योगायोगाने याच प्रमाणांचं निघालं, तर ते तिथे गाड्या धुण्यासाठी सांगितलं होतं की भांडी घासण्यासाठी, याने फरक पडत नाही.

मग नव्या उपयोगाला काहीच किंमत नाही का? इथे देशोदेशी वाटा फुटतात. युरोपात १९८९ च्या जी २/८८ निर्णयाने दार किलकिलं केलं. त्या प्रकरणात गंज रोखणारं म्हणून माहीत असलेलं वंगणातलं रसायन घर्षण कमी करण्यासाठी वापरायचं होतं. पदार्थावर नाही, पण त्या नव्या तांत्रिक हेतूसाठी केलेल्या ‘वापरावर’ दावा करता येतो, असं ठरलं. अमेरिकेत तो वापरण्याच्या पद्धतीवरचा दावा म्हणून लिहावा लागतो. भारतात, १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार, ज्ञात पदार्थाचा निव्वळ नवा गुण किंवा नवा उपयोग सापडणं हा शोधच मानला जात नाही. एकच प्रयोगवही तीन ठिकाणी तीन वेगळी फळं देते ती अशी.

दुकानात आधीच ठेवलेल्या बाटलीचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. छापील कागदाइतकाच विकलेला मालही ‘जुनं ज्ञान’ ठरतो. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने २ जुलै २०२५ च्या जी १/२३ निर्णयात हे आणखी पक्कं केलं: बाजारात आलेल्या उत्पादनाची घडण जाणकाराला तपासून हुबेहूब पुन्हा बनवता येत नसली, तरी तेवढ्या कारणावरून ते उत्पादन जुन्या ज्ञानातून वगळता येणार नाही. शिवाय युरोपच्या २००४ च्या डिटर्जंट नियमानुसार उत्पादकांना घटकांची यादी संकेतस्थळावर द्यावीच लागते, आणि सुरक्षा माहितीपत्रकांत धोकादायक घटकांच्या प्रमाणांचे पट्टे असतात. हे सगळं परीक्षकाच्या आणि विरोधकाच्या हाती लागू शकतं.

स्वतःची बाटलीसुद्धा आड येते. अर्ज करण्याआधी गोपनीयतेचा करार न करता ग्राहकाला नमुना दिला, तर युरोपात तेवढ्याने नवेपणा जाऊ शकतो. अमेरिकेत शोधकाला स्वतःच्या प्रकटीकरणासाठी एक वर्षाची सवलत आहे. पण ते वर्ष उलटलं की गुप्तपणे केलेली विक्रीही पेटंट पाडू शकते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या हेल्सिन प्रकरणात स्पष्ट केलं. भारतातली सवलत फारच मोजक्या प्रसंगांपुरती आहे. विक्री विभागाची घाई आणि पेटंटचा अर्ज यांचा क्रम चुकला की पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

खरी लढाई: हे उघड होतं का?

नवेपणा टिकला असं धरू. आता परीक्षक म्हणतो: ऋणभारित सर्फॅक्टंट साफ करतो हे माहीत होतं, अमाइन ऑक्साइड साफ करतं हेही माहीत होतं, लॅक्टिक आम्ल क्षार विरघळवतं हेही. तिन्ही एकत्र केली. यात काय केलंत?

या युक्तिवादाचं मूळ उदाहरण धुण्याच्या पावडरीतूनच आलेलं आहे. अमेरिकेत १९८० मध्ये केर्कहोवेन यांच्या प्रकरणात फवारून वाळवलेल्या दोन नेहमीच्या डिटर्जंट पावडरी एकत्र करण्याच्या प्रक्रियेवर दावा होता. न्यायालयाचा निष्कर्ष असा की एकाच कामासाठी माहीत असलेल्या दोन गोष्टी त्याच कामासाठी एकत्र करणं हे प्रथमदर्शनी उघड आहे. ‘प्रथमदर्शनी’ या शब्दाचं वजन मोठं आहे. तिथे दार बंद होत नाही, पुराव्याची जबाबदारी अर्जदारावर येते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालाने ही भूमिका आणखी घट्ट केली: ज्ञात घटक ज्ञात पद्धतीने जोडून अपेक्षित तेच फळ मिळालं, तर ते बहुधा उघडच.

भारतीय कायदा हीच गोष्ट वेगळ्या जागी बसवतो. कलम ३(इ) नुसार, घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होईल असं साधं मिश्रण हा शोधच नाही. अशा अर्जांवर हा आक्षेप हमखास येतो, आणि त्याचं उत्तर देण्यासाठी बेरजेपेक्षा जास्त काहीतरी घडलं हे दाखवावं लागतं. त्यालाच सिनर्जी म्हणतात. एक घटक एकटा २० टक्के मळ काढतो, दुसरा ३० टक्के, आणि दोन्ही मिळून ५० टक्के, तर ती बेरीज. ८० टक्के काढत असतील तर चर्चा सुरू होते.

चर्चा सुरू होते, संपत नाही. आणि इथेच रसायनशास्त्र अर्जदाराच्या विरोधात उभं राहतं. ऋणभारित डोकी एकमेकांना ढकलतात. मध्ये भाररहित किंवा अमाइन ऑक्साइडचे रेणू येऊन बसले की तो ताण कमी होतो, मिश्र मायसेल सहज बनतात, आणि मायसेल बनण्याची मर्यादा दोन्ही घटकांच्या स्वतंत्र मर्यादांपेक्षाही खाली जाऊ शकते. या आकर्षणाचं गणित रुबिंग यांनी १९७९ मध्येच मांडलं आणि ते आज पाठ्यपुस्तकांत आहे. म्हणजे या जोडीत सिनर्जी असेल हे जाणकाराला आधीच माहीत असतं. ‘सिनर्जी दाखवली की पेटंट मिळतं’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. ती अनपेक्षित असावी लागते: अपेक्षेपेक्षा फार मोठी, किंवा जिथे अपेक्षाच नव्हती अशा गुणात.

आपल्या उदाहरणातला पीएच इथे अर्जदाराच्या मदतीला येऊ शकतो. अमाइन ऑक्साइड साध्या किंवा अल्कली द्रावणात भाररहितासारखं वागतं, पण आम्लात त्याला प्रोटॉन चिकटतो आणि ते धनभारित होतं. मग ऋणभारित सर्फॅक्टंटबरोबर त्याची ओढ इतकी वाढते की मिश्रण गढूळ होण्याची किंवा साका बसण्याची भीती असते. जाणकार म्हणेल, इतक्या खालच्या पीएचला ही जोडी टाळा. अशा वेळी अर्जदाराने दाखवलं की ३:१ ते ५:१ याच गुणोत्तरात मिश्रण महिनोन्‌महिने नितळ राहतं आणि वाळल्यावर टाइलवर पट्टेही उमटत नाहीत, तर बाजू पालटते. जुनं ज्ञान ज्या दिशेला जाऊ नका म्हणत होतं, तिकडे जाऊन काम झालेलं असतं. अशा पुराव्याला परीक्षक गांभीर्याने घेतात, आणि घ्यायलाच हवं.

याची उलट बाजूही असते. युरोपात नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट या सर्फॅक्टंटवर २००५ पासून स्वच्छतेच्या उत्पादनांत ०.१ टक्क्याची मर्यादा आली. उत्पादकांना ते बदलणं भागच होतं, आणि सहज विघटन होणारी अल्कोहोल इथॉक्सिलेटं समोर होती. समजा ती वापरल्यावर चमकही वाढली. ती वाढ खरोखर अनपेक्षित असली तरी युरोपीय मंडळं म्हणू शकतात की त्या वाटेने जाणं अटळ होतं, वाटेत सापडलेलं जास्तीचं फळ बोनस आहे. ज्या बदलाकडे नियमांनीच ढकललं, त्यावर मक्तेदारी का द्यायची? हा विचार अर्जदाराला कठोर वाटेल, पण मला तो योग्य वाटतो.

मोजायचं कशाशी आणि कसं

तुलनेचे प्रयोग हा अशा अर्जाचा कणा असतो. तो कच्चा राहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चुकीची तुलना. आपलं मिश्रण साध्या पाण्याशी किंवा बाजारातल्या एखाद्या लोकप्रिय बाटलीशी ताडून बघायचं आणि ‘दुप्पट चांगलं’ म्हणायचं, याने विक्रीला मदत होईल. पेटंटला होत नाही. तुलना हवी ती जुन्या ज्ञानातल्या सर्वांत जवळच्या मिश्रणाशी, आणि दोघांत फरक असावा तो फक्त दाव्यातल्या वेगळेपणाचा. गुणोत्तर हा शोध असेल तर एकूण सर्फॅक्टंट, आम्ल, पीएच, पाण्याची कठिणता, तापमान सगळं तेच ठेवून फक्त गुणोत्तर बदलायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फायदा कुठल्या बदलाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

मोजण्याच्या पद्धती तयार आहेत. सिरॅमिक टाइलच्या क्लीनरसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं डी ५३४३ हे मार्गदर्शक आहे. ठरावीक कृत्रिम मळ टाइलवर भाजून बसवायचा, यंत्राने ठरावीक दाबाने आणि ठरावीक वेळा स्पंज फिरवायचा, मग परावर्तित प्रकाश मोजून किती मळ निघाला ते काढायचं. ओघळांच्या पट्ट्यांसाठी चमक मोजणारं यंत्र किंवा प्रशिक्षित निरीक्षकांनी दिलेली श्रेणी वापरतात. श्रेणी देणाऱ्यांना कुठला नमुना कुणाचा हे माहीत नसावं आणि प्रयोग पुरेशा वेळा केलेला असावा. एकाच टाइलवरच्या एकाच फेरीचा आकडा पुढे विरोधकाच्या वकिलासमोर टिकत नाही.

दुसरी अडचण व्याप्तीची. प्रयोग केला एका सोडियम लॉरिल इथर सल्फेटवर, ४:१ या एका गुणोत्तराला, पीएच ३ वर. आणि दावा केला सगळ्या ऋणभारित सर्फॅक्टंटवर, १ ते १० टक्क्यांच्या पूर्ण पट्ट्यात. १९९५ च्या टी ९३९/९२ निर्णयाने, जो ॲग्रेव्हो नावाने ओळखला जातो, युरोपात पक्कं केलं की ज्या परिणामाच्या बळावर शोधाची पायरी मागता तो दाव्याच्या जवळपास सगळ्या व्याप्तीत दिसला पाहिजे. अमेरिकेतही अनपेक्षित परिणामाचा पुरावा दाव्याच्या रुंदीला साजेसा लागतो. म्हणून पट्ट्याची दोन्ही टोकं, मधले काही बिंदू आणि पट्ट्याच्या थोडं बाहेरचे बिंदू मोजणं शहाणपणाचं. बाहेरच्या बिंदूंवर परिणाम नाहीसा होतो हे दिसलं, तर आकडे मनाला येईल तसे निवडलेले नाहीत हेही आपोआप सिद्ध होतं.

आणि हे सगळं अर्जाच्या दिवशी कागदावर असणं उत्तम. नंतर केलेले प्रयोग जोडता येतात, पण किती? युरोपच्या विस्तारित मंडळाने २३ मार्च २०२३ च्या जी २/२१ निर्णयात याचं उत्तर दिलं. ते प्रकरणही मिश्रणाचंच होतं, कीटकनाशकांच्या सिनर्जीचं. निर्णयाचा गाभा असा: नंतरचा पुरावा केवळ नंतर आला म्हणून नाकारायचा नाही, पण ज्या परिणामावर भिस्त आहे तो मूळ अर्जाच्या शिकवणीत सामावलेला आहे, असं जाणकाराला त्याच्या सामान्य ज्ञानासह अर्ज वाचून कळायला हवं. अर्जात फक्त तेल काढण्याबद्दल लिहिलं आणि तीन वर्षांनी ‘पट्टे उमटत नाहीत’ याचे तक्ते आणले, तर मामला अवघड होतो.

शब्द आणि आकड्यांची किंमत

सर्फॅक्टंटच्या बाबतीत ‘पुरेसं समजावून सांगा’ ही अट वाटते तितकी सोपी नाही. ‘बारा ते चौदा कार्बनांचं, सात मोल इथिलीन ऑक्साइड जोडलेलं अल्कोहोल’ हे एक रसायन नसून कितीतरी लांबींच्या रेणूंची खिचडी असते, आणि सात ही फक्त सरासरी. एका पुरवठादाराच्या मालात ही पसरण अरुंद, दुसऱ्याच्या मालात रुंद. परिणाम या पसरणीवर अवलंबून असेल आणि अर्जात नुसतं व्यापारी नाव लिहिलं असेल, तर उद्या त्या नावाखालचा माल बदलल्यावर शोध पुन्हा करता येणार नाही.

त्याहून धोक्याचे असतात अर्जदाराने स्वतः घडवलेले मापदंड. ‘ज्याचा स्पर्शकोन अमुक अंशांपेक्षा कमी आहे असं मिश्रण’ असा दावा रुबाबदार दिसतो. (स्पर्शकोन म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन.) पण स्पर्शकोन कुठल्या पृष्ठभागावर, किती सेकंदांनी, कुठल्या तापमानाला मोजायचा हे लिहिलेलं नसेल, तर दोन प्रयोगशाळांना दोन उत्तरं मिळतील. शिवाय जुन्या मिश्रणांचा तो कोन कुणी मोजलेलाच नसतो, त्यामुळे नवेपणा खरा आहे की नुसता दिसतो, हेही कळत नाही. असे मापदंड दिसले की परीक्षक सावध होतो ते रास्तच आहे.

आकडा दाव्यात आला की तो बांधून टाकतो. अमेरिकेतलं १९९७ चं वॉर्नर-जेन्किन्सन प्रकरण रंग शुद्ध करण्याच्या प्रक्रियेचं होतं. तपासणीदरम्यान दाव्यात ‘पीएच सुमारे ६.० ते ९.०’ घातलं गेलं. वरची मर्यादा का घातली हे कळत होतं, कारण जुनं पेटंट ९ च्या वर चालत होतं. खालची ६ का, याचं कारण नोंदीत स्पष्ट नव्हतं. प्रतिस्पर्ध्याने पीएच ५ ला काम केलं आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने सांगितलं की दुरुस्ती का केली हे पटवून देण्याची जबाबदारी पेटंटधारकाची; ते जमलं नाही, तर सोडलेला भाग ‘समतुल्य’, म्हणजे जवळपास तेच, असं म्हणून परत मागता येणार नाही. स्वच्छतेच्या द्रवात तर पीएच, टक्केवारी, गुणोत्तर असे पाच-सहा आकडे एका दाव्यात असतात. त्यातला प्रत्येक आकडा प्रतिस्पर्ध्याला बाहेर पडण्याची एक वाट दाखवतो.

म्हणूनच पेटंट घ्यायचं की मिश्रण गुपित ठेवायचं, हा निर्णय आधी करावा लागतो. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि कृती सर्वांना दिसते; त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून जास्तीत जास्त वीस वर्षांचा हक्क मिळतो. विश्लेषणाने घटक सहज ओळखता येत असतील तर गुपित फार काळ टिकत नाही. घटक घालण्याचा क्रम, मिसळण्याचं तापमान अशा बाटलीत न दिसणाऱ्या गोष्टींत सगळं मर्म असेल, तर गुपित ठेवण्यात अर्थ आहे. शिवाय प्रक्रियेचं पेटंट कुणी मोडतंय हे बाहेरून सिद्ध करणंही कठीण.

मंजुरीनंतर तपासणी संपत नाही. युरोपात नऊ महिन्यांत कुणीही विरोध दाखल करू शकतो. भारतात अर्ज प्रसिद्ध झाल्यावर मंजुरीच्या आधीच कुणीही आक्षेप घेऊ शकतो, आणि मंजुरीनंतर एक वर्षापर्यंत हितसंबंधितांना विरोध करता येतो. या क्षेत्रात विरोधक म्हणजे स्वतःच्या सुसज्ज प्रयोगशाळा असलेले प्रतिस्पर्धी. ते उदाहरणं पुन्हा करून बघतात, आणि विशेषतः पट्ट्याच्या कडांवर. आपल्या काल्पनिक दाव्यात तीन टक्के अमाइन ऑक्साइड आणि पीएच २.५ या कोपऱ्यात मिश्रण गढूळ झालं, तर मुख्य दाव्याची पंचाईत होते. अर्जदाराने मूळ अर्जातच ‘शक्यतो १ ते २ टक्के’, ‘शक्यतो पीएच ३ ते ३.५’ अशा अरुंद पायऱ्या लिहून ठेवल्या असतील, तर त्याला एकेक पाऊल मागे घेत त्या पायरीवर थांबता येतं. लिहून ठेवल्या नसतील, तर नंतर त्या घालू देत नाहीत.